पहिल्या जागेचे अकरा दिवस

"दोन," कुका म्हणाली. "सगळीकडे दोनच दिवस." फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये धरून ती टॉवेलची घडी घालत राहिली. पलीकडून विभागातली शांडीन म्हणाली, बरं, तेवढंच विचारायचं होतं, शनिवारचा त्रास दिला, आणि फोन बंद झाला. लाँड्रीत सहा यंत्रं एकाच वेळी फिरत होती. काचेआड कुणाच्या तरी पोराचा लाल सदरा वर यायचा, खाली जायचा. काहीच घडलं नव्हतं. टॉवेल चौपदरी झाला होता. तिने तो उलगडला आणि पुन्हा घडी घालायला घेतली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपले हात गार पडलेत. आत्ताच वाळवणीच्या यंत्रातून काढलेला, ऊन-ऊन टॉवेल हातात आणि बोटं गार. उत्तर फार चटकन आलं होतं. ठरवून खोटं बोलणारा माणूस जरा तरी अडखळतो, निदान घसा साफ करतो. हे उत्तर अठरा वर्षं जिभेखाली तयार बसलं होतं आणि विचारल्याबरोबर बाहेर पडलं. तेही 'दोन' एवढंच नाही. 'सगळीकडे दोनच'. तो जास्तीचा शब्द तिला कुणी मागितला नव्हता.

दोन नव्हते. अकरा होते. रेफूहिया ताफोया, जिला वाळवंटातल्या अल्बुकर्की शहराच्या विद्यापीठात शिपायापासून डीनपर्यंत सगळे कुकाच म्हणत, ती जीवशास्त्र विभागातल्या कीटकांच्या संग्रहात बत्तीस वर्षं काम करत होती, आणि तिच्या हातचा कागद म्हणजे दगडावरची रेघ अशी तिची ख्याती होती. अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात डॉक्टर आमडाल यांच्यासाठी तिने सात जागी मुंग्यांच्या जाती मोजल्या होत्या. शहराच्या पश्चिमेचं काळ्या दगडांचं तापलेलं पठार ही पहिली जागा, आणि तिथून पायरीपायरीने चढत सांडिया डोंगराच्या माथ्यावर, जिथे जूनमध्येसुद्धा सावलीत बर्फाचा तुकडा सापडतो, तिथे सातवी. प्रत्येक जागी दोन दिवस. तक्त्यात दिवसांचा वेगळा रकाना होता आणि त्यात वरपासून खालपर्यंत एकाखाली एक सात वेळा दोनचा आकडा होता. सगळ्यांत वरचा दोन खोटा होता. तो तिने लिहिला होता, निळ्या शाईने, आणि लिहिताना तिला काही वाटलं नव्हतं. नीटनेटकं वाटलं होतं. सहा दोनांच्या वर सातवा वेगळा आकडा कसा तरी दिसला असता.

आमडाल यांनी तिला कधीही खोटं लिहायला सांगितलं नव्हतं. हे ती स्वतःला त्या दुपारी कपड्यांची पिशवी घेऊन चालत घरी जाताना दोनदा म्हणाली. ते मिनेसोटाकडचे, उंच, हळू बोलणारे, आणि त्यांच्या डोक्यात एक रेघ होती. विषुववृत्ताजवळच्या एका झाडावर जेवढ्या जाती सापडतात तेवढ्या उत्तरेकडे अख्ख्या देशात का सापडत नाहीत, याचं उत्तर त्यांना एका रेघेत द्यायचं होतं. पहिल्यांदा त्यांनी ते कुकाला समजावलं तेव्हा ती नुसती चिठ्ठ्या टाइप करायला ठेवलेली बाई होती. ऊब वाढली की शरीरातली भट्टी जोरात पेटते, ते म्हणाले. भट्टी जोरात पेटली की जगणं भरभर होतं, पिढ्या लवकर येतात, पिढीगणिक होणारे बारीक फरक लवकर साठतात आणि एका जातीच्या दोन लवकर होतात. म्हणजे जिथे ऊब जास्त तिथे जाती जास्त, आणि किती जास्त तेही भट्टीच्या हिशेबावरून सांगता यायला हवं. कुकाला हे नवीन वाटलंच नाही. तिचे वडील रेल्वेजवळच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. कॅलिफोर्नियाहून फळं घेऊन येणाऱ्या डब्यांमध्ये ते बर्फाच्या लाद्या भरत. एकदा त्यांनी तिला आत नेऊन लादीवर पडलेली माशी दाखवली होती. मेलीय, कुका म्हणाली. वडिलांनी ती माशी हातमोजा काढून तळहातावर घेतली आणि तिच्यावर फुंकर घातली, एक, दोन, तीन. माशीने आधी एक पाय हलवला, मग पुढचे दोन एकमेकांवर घासले आणि उडून गेली. मेली नव्हती, ते म्हणाले, तिचं घड्याळ हळू झालं होतं. एवढा शिकलेला, पुस्तकं लिहिणारा माणूस आपल्या बापाचंच बोलतोय हे ऐकून कुकाच्या पोटात काहीतरी उबदार पसरलं होतं. त्या दिवसापासून ती आमडाल यांची रेघ आपल्या घरचीच समजू लागली. मुंग्या ओळखायला ती स्वतःच शिकली, भिंगाखाली, पायावरच्या केसांपासून.

आणि मग त्या ऑगस्टमध्ये सहा जागा रेघेवर बसल्या आणि पहिली बसेना. सगळ्यांत तापलेली जागा, सगळ्यांत जास्त जाती तिथे हव्या होत्या. दोन दिवसांत पंधरा सापडल्या होत्या. आमडाल यांनी आलेखावर पंधरापाशी ठिपका दिला, बराच वेळ बघितलं आणि त्याच्या पुष्कळ वर, सव्वीसच्या जवळ, पेन्सिलीने एक पोकळ गोल काढला. "इथे असायला हवं होतं," ते म्हणाले, आणि मग, अगदी साध्या आवाजात, "कुका, परत एकदा बघून येशील?" ती गेली. दगडन्‌दगड उलटला. झुडुपांच्या मुळांशी माती चाळली. शनिवारी गेली, रविवारी गेली, रजा टाकून गेली. तिसऱ्या दिवशी अठरा झाल्या, सहाव्या दिवशी बावीस. अकराव्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमाराला, सव्विसावी सापडली, आणि त्या क्षणी ती उठून उभी राहिली आणि गाडीकडे चालू लागली. हे तिला आता आठवलं, पिशवीचा पट्टा खांद्यावर रुतत असताना, आणि ती पदपथावर थांबली. अकरा दिवसांचं तिला नेहमीच ठाऊक होतं. पण सव्वीस भरल्याबरोबर आपण थांबलो, हे ती विसरली होती. विसरली होती की तिथे कधी बघितलंच नव्हतं? सगळ्या मुंग्या खऱ्या होत्या. सव्वीसच्या सव्वीस आजही टाचण्यांवर होत्या, कुणीही येऊन बघावं. खोटी एकही मुंगी नव्हती. फक्त शोधणं खोटं होतं.

रविवारी ती थोरल्या बहिणीशी, ओफेलियाशी, फारसं बोलली नाही. दोघी एकाच घरात राहत. ओफेलियाने दोनदा विचारलं, तुला कुणी काही म्हणालंय का, आणि मग बीन्सचं पातेलं तिच्यापुढे जरा आदळूनच ठेवलं. सोमवारी सकाळी आठ वाजता कुका शांडीन बेनालीच्या विभागातल्या खोलीच्या दारात उभी होती. शांडीन चौतिशीची, पश्चिमेकडच्या नावाहो आदिवासींच्या वस्तीत शाळामास्तरच्या घरी वाढलेली. जगभरातल्या चाळीस डोंगरांवरचे आकडे गोळा करून आमडाल यांची रेघ सगळीकडे टिकते का ते ती तपासत होती.

"शनिवारी मी खोटं सांगितलं," कुका म्हणाली. "पहिल्या जागी अकरा दिवस होते."

शांडीनने हातातला कप खाली ठेवला. "अकरा."

"बाकी ठिकाणी दोनच."

"म्हणजे बाकी ठिकाणीही अकरा दिवस शोधलं असतं तर..."

"तेच तर कुणाला माहीत नाही."

शांडीनने संगणकाच्या पडद्यावरच्या चाळीस रंगीत ठिपक्यांच्या रांगांकडे बघितलं. "तुम्हाला माहितीय ना कुका, तुमचा डोंगर सगळ्यांत जुना आहे. इतरांनी आपापली रेघ त्याच्याशी जुळवून बघितलीय." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघा. मी तो एक ठिपका काढून टाकते. नोंद अपुरी, एवढंच लिहिते. तुमचं नाव कुठे येणार नाही. कुणी विचारणारसुद्धा नाही."

"काढायचा नाही," कुका म्हणाली. "मोजायचा."

"काय मोजायचं?"

"सगळं. सातही जागा, प्रत्येकी अकरा दिवस."

"सत्त्याहत्तर दिवस? तुमच्या गुडघ्याचं काय?"

"गुडघा माझ्याबरोबर येईल, जाईल कुठे?"

शांडीन हसली नाही. अठरा वर्षांत हवा तापलीय, ती म्हणाली, मुंग्या वर सरकल्या असतील, आताचं मोजून तेव्हाचं सिद्ध होणार नाही. कुकाने मान हलवली. तेव्हाचं सिद्ध करायचंच नव्हतं. तेव्हाचं काय होतं ते तिला ठाऊक होतं. सगळ्या जागांना सारखा वेळ दिला तर त्या काय म्हणतात, ते तिला एकदा ऐकायचं होतं. हा शब्द तिने उच्चारला नाही, पण जिना उतरताना तो तिच्या डोक्यात होता. ऐकणं. त्या वेळी तिने पहिल्या जागेला बोलतं केलं होतं आणि हवं ते ऐकू आल्याबरोबर तिचं तोंड बंद केलं होतं.

एप्रिलपासून ती जाऊ लागली. सकाळी सहा ते अकरा, संध्याकाळी चार ते सहा, घड्याळ बघून. वहीत दिवसाचा आकडा आधी, मग बाकी सगळं. मुंग्यांना आमिष म्हणून चिठ्ठ्यांवर टूना मासा आणि खुसखुशीत गोड बिस्किटांचा चुरा ठेवायचा असतो. ओफेलियाने डबे उघडून बघितले आणि म्हणाली, "मुंग्यांना बिस्किटं, आणि मला परवाचे बीन्स. पुढच्या जन्मी मुंगीच होते मी." मे महिन्यात ती म्हणाली, "एकसष्ट वर्षांची बाई डोंगरावर रांगतेय. शेजारीण विचारत होती, नवस बोललीय का." कुका म्हणाली, "सांग, हो." पण ओफेलिया रोज पहाटे तिच्यासाठी थर्मास भरून ठेवत असे, आणि गुडघ्याला बांधायचा पट्टा धुऊन दारामागे वाळत घालत असे.

माथ्यावर, सातव्या जागी, सकाळी सहाला काहीच हलत नसे. कुकाही हलत नसे. गुडघा धरलेला, बोटांना वही उघडवत नाही, अशी ती एका दगडाला टेकून ऊन यायची वाट बघायची. त्याच दगडाखाली मुंग्या तीच वाट बघत असायच्या. साडेआठला ऊन दगडाला लागे, नऊला पहिली मुंगी बाहेर येऊन, पाय पुन्हा शिकत असल्यासारखी चाले. चार जाती, अकरा दिवस, पुन्हा त्याच चार. थंडीपुढे जास्त शोधूनही काही हाती लागत नव्हतं. तिथे आमडाल खरे होते. आणि पठारावर, पहिल्या जागी, जूनमध्ये सकाळी दहाला काळा दगड पंचावन्न अंशांवर जाई. तिथल्या मुंग्या अशा धावत की तोंडाने ओढायच्या नळीत त्या घ्यायला तिला तीन-तीन वेळा वाकावं लागे. भट्टी जोरात पेटलेलीच होती, डोळ्यांनी दिसत होती. पण ती दोन तासच. मग सगळ्या जमिनीखाली. आमिषाच्या चिठ्ठ्या उन्हात कोरड्या पडून कुरकुरीत होत. नुसती वाळू आणि तापलेल्या मातीचा, तव्यावर कोरडं पीठ भाजल्यासारखा वास. ओठ फुटले, कपाळावरची शीर ठणके, आणि त्या ठणक्यात तिला वाटे, ऊब घाई देते हे खरं, पण इथे घाईने करायला आहे काय? पाणी कुठे आहे? इतकी साधी गोष्ट अठ्ठ्याण्णव साली आपल्या मनात आली नसेल असं तर नाही. आली होती. पंधरा जाती मोजून परत येताना ती पाण्याची बाटली संपवत हेच म्हणाली होती, मोठ्याने, गाडीत एकटी असताना. आणि मग आलेखावरचा पेन्सिलीचा गोल बघून गप्प बसली होती. तो गोल इतका सुंदर होता. आपल्या बापाच्या तळहातावरून उडालेल्या माशीचा जगभर मान होणार होता.

तिसऱ्या जागी, पिन्योन आणि जुनिपरच्या विरळ झाडीत, सातव्या दिवशी सत्तावीस झाल्या. त्या आधीच पठारापेक्षा जास्त होत्या. शांडीन त्या दिवशी बरोबर आली होती. "पुरे नाही का?" ती म्हणाली. "जे दिसायचं ते दिसलं."

"सात दिवसांनी दिसलं. अकरा दिवसांनी काय दिसतं ते अजून नाही दिसलं."

"तुम्ही स्वतःला शिक्षा करताय."

कुका मातीत हात घालून बसली होती. तिने खरोखर विचार केला. "नाही," ती म्हणाली. "शिक्षा असती तर मला इतकं बरं वाटलं नसतं." आणि ते खरं होतं. रोज संध्याकाळी सहाला घड्याळ बघून उठताना तिला छातीत एक सरळपणा जाणवत असे. तिसऱ्या जागी अकराव्या दिवशी तेहतीस झाल्या.

पठाराचा अकरावा दिवस तिने मुद्दाम सगळ्यांत शेवटी ठेवला होता, सप्टेंबरच्या मध्यात. चोवीस झाल्या होत्या. सहाला पाच मिनिटं कमी असताना कोरड्या ओढ्याच्या पलीकडच्या काठावर, पंधरा पावलांवर, तिला पिवळसर, बारीक, अगदी बारीक मुंग्यांची एक रांग दिसली. अशी रांग तिने ह्या पठारावर आधी पाहिली नव्हती. ओढ्यात उतरून पलीकडे चढायला तिच्या गुडघ्याला सात-आठ मिनिटं लागली असती. ती उभी राहिली. घड्याळाचा काटा सहावर आला. रांग चालतच होती, कुणाची परवानगी न घेता. तोंडातली नळी तिने काढली, पिशवीत ठेवली, वहीत 'चोवीस' लिहून खाली रेघ मारली. आकडा नीट आला. बाराव्या दिवशी ती गेली नाही.

ऑक्टोबरात ती आमडाल यांच्याकडे गेली. ते नदीकडच्या भागात, पाटाच्या काठी राहत. त्र्याऐंशी वर्षांचे झाले होते आणि त्यांची नजर जवळजवळ गेली होती. दारापुढची कॉटनवुडची झाडं पिवळी झाली होती, आणि त्यांनी विचारलं, "पिवळी झालीत का?" ती हो म्हणाली.

"शांडीन सांगत होती तू उन्हाळाभर डोंगरावर होतीस. मला का नाही सांगितलंस?"

"मोजून झाल्यावर सांगायचं होतं, डॉक्टर."

"मग सांग. खालून वर."

"चोवीस. तीस. तेहतीस. पंचवीस. पंधरा. आठ. चार."

त्यांना आलेख काढायची गरज नव्हती. तिला दिसलं, त्यांचे डोळे भिंतीकडे आहेत, पण बघतायत दुसरीकडेच. उजव्या हाताचं बोट खुर्चीच्या हातावर वर गेलं, थांबलं आणि खाली आलं. रेघ नव्हती ती. उंचवटा होता.

"सगळीकडे किती दिवस?"

"अकरा."

"आणि तेव्हा?"

"सगळीकडे दोन. पहिल्या जागी अकरा. सव्वीस झाल्यावर थांबले. दिवसांच्या रकान्यात मी दोन लिहिले."

"मी तुला फक्त परत बघून ये म्हटलं होतं," ते म्हणाले.

"हो. तेवढंच म्हटलं होतं."

"किती दिवस लागले, हे मी विचारलं नाही."

"विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

"ते मला माहीत होतं," आमडाल म्हणाले. "म्हणूनच विचारलं नसेल." मग त्यांनी तोंड फिरवलं. "आता तू जा, कुका."

ती लगेच उठली नाही. तिला वाटलं होतं, ते रागावतील आणि मग आपण रडू, आणि रडल्यावर मोकळं होऊ. तसं काहीच झालं नाही. समोर एक म्हातारा माणूस होता, ज्याच्या डोक्यातली चाळीस वर्षांची रेघ एका उंचवट्याने वाकवली होती, आणि ती वाकवण्यात तिचा हात होता. त्याहून वाईट म्हणजे, आधी ती सरळ करण्यातही होता. "मी हे छापायला देणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात तरी." ती गेली.

लिहायला बसल्या तेव्हा शांडीनने पहिलं वाक्य टाइप केलं: 'मूळ नोंदीत पहिल्या जागेच्या शोधाचा कालावधी चुकीचा दर्शवण्यात आला होता.' कुकाने ते दोनदा वाचलं.

"कुणी दर्शवला?" तिने विचारलं.

"असंच लिहायची पद्धत आहे."

"माहितीय पद्धत. बत्तीस वर्षं टाइप करतेय मी." तिने कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि दोन बोटांनी, सावकाश लिहिलं: '१९९८ साली पहिल्या जागी मी अकरा दिवस शोधले आणि दोन लिहिले.' शांडीनने ते तसंच राहू दिलं.

डिसेंबरात ते छापून आलं, दोघींच्या नावाने, कुकाचं आधी. विभागात काही जण तिच्याशी पूर्वीसारखं बोलायचे, काही जण कॉफीच्या यंत्रापाशी ती आली की कप अर्धा सोडून निघायचे. एका माणसाने, ज्याची अख्खी कारकीर्द त्या जुन्या रेघेवर उभी होती, दोन पानी पत्र पाठवलं. ते ओफेलियाने मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, "याला बिस्किटं नेऊन द्या कुणीतरी." चिलीतून आणि इराणातून, कोरड्या डोंगरांवर काम करणाऱ्या दोघांनी आपापल्या दिवसांचे खरे आकडे शांडीनला कळवले. तिथेही उंचवटाच निघाला. दमट डोंगरांवर मात्र रेघ बऱ्यापैकी टिकली. म्हणजे ऊब खोटी नव्हती. ती एकटी पुरत नव्हती. कुका निवृत्तीचे कागद भरत होती. आमडाल यांचा फोन आला नव्हता. तो येईल असं तिने धरलंही नव्हतं. तो आला नाही म्हणून आपण केलं ते चुकलं असं मात्र तिला एकदाही वाटलं नाही, आणि या गोष्टीचं तिला स्वतःलाच नवल वाटायचं.

फेब्रुवारीत एका मंगळवारी सकाळी ती टाचण्यांचे खण पुसत असताना फोन वाजला.

"तिसरी जागा," आमडाल म्हणाले. नमस्कार नाही, काही नाही. "तेहतीस कुठल्या?"

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. "नावं हवीत?"

"नावं. आणि पावसाचं माप. तू पाऊस मोजला असशील, मी तुला ओळखतो."

"मोजलाय."

"मग एकेक सांग. सावकाश. मला आता लिहून घेता येत नाही, लक्षातच ठेवायचंय."

कुकाने खुर्ची ओढली, वही उघडली आणि पहिलं नाव वाचलं. ते त्यांनी पलीकडून तिच्यामागोमाग पुन्हा म्हटलं. मग तिने दुसरं वाचलं.